लग्न मोडलं म्हणून परत आलेला कुकर

आधीच सांगून टाकते, माझा असल्या गोष्टींवर विश्वास नाही. तेव्हा नव्हता, आणि आज हे लिहायला बसले आहे तरी नाही. आमच्या नात्यात कोणाला काही ‘दिसलं’ की माझा पहिला प्रश्न असतो – चष्मा घातला होता का? त्यामुळे मला असले किस्से कोणी सांगतच नाही. या सदरातले अनुभव मी दुपारच्या चहाबरोबर वाचते, थोडी हसते आणि पान उलटते. माझ्या गोष्टीत तर साधा पिंपळही नाही. एक प्रेशर कुकर आहे. तुम्हीही खुशाल हसा, मला राग येणार नाही. पण या कुकरापायी माझ्या धाकट्या बहिणीचं ठरलेलं लग्न मोडणार अशी धास्ती घेऊन मी अख्खा उन्हाळा काढलाय, आणि ती धास्ती काय असते ते मला माहीत आहे.

साल १९९०. मी लग्न होऊन ठाण्यात, नौपाड्यात राहायला आलेले. माहेर डोंबिवली पूर्वेला – तिथे आई, बाबा आणि माझी धाकटी बहीण नीलिमा, म्हणजे आमची नीलू. नोकरी वागळे इस्टेटमधल्या एका कुकर बनवणाऱ्या कंपनीत. कंपनी कधीच बंद पडली. नाव देत नाही, तिचा यात काही दोष नव्हता.

ऑफिसात नुकताच कॉम्प्युटर आलेला. त्याच्यासाठी काचेची एसी केबिन, चपला बाहेर काढून आत जायचं, हिरव्या अक्षरांचा स्क्रीन आणि करकर करत छापणारा प्रिंटर. साहेबांनी बाहेरच्या एका प्रोग्रॅमरकडून ऑर्डरचं पॅकेज लिहून घेतलं होतं. डीलरची ऑर्डर आली की त्यात टाकायची, माल निघाला की चलन, मग बिल. आणि माल परत आला की क्रेडिट नोट – म्हणजे ‘तुमचा हा माल आम्हाला परत मिळाला, याचे पैसे तुमच्या पुढच्या बिलातून वळते करतो’ असं डीलरला छापून द्यायचं. हे शेवटचं काम माझ्याकडे होतं. सगळ्यांना ते कंटाळवाणं वाटायचं, मला आवडायचं. माणसं वस्तू का परत करतात हे वाचायला मजा यायची.

पद्धत अशी होती. प्रत्येक कुकरच्या बुडावर एक नंबर ठोकलेला असायचा. परत आलेला कुकर आधी भोईरकडे जायचा. भोईर आमचा तपासनीस, कल्याणच्या बाजूच्या एका गावातून यायचा. तो कुकरात पाणी घालून शेगडीवर ठेवायचा, शिट्टीची वाट बघायचा आणि मग मला कारण सांगायचा. मी नंबर टाकायचे. तो नंबर त्या डीलरला विकलेला असला तरच पॅकेज पुढे जायचं, आणि एका नंबरावर एकदा क्रेडिट नोट झाली की त्याच नंबरावर दुसरी करू द्यायचं नाही. कारणं ठरलेली होती – झाकण बसत नाही, शिट्टी गळते, हँडल सैल आहे. चौथं कारण ‘इतर’. तिथे आपल्याला हवं ते टाइप करता यायचं.

एका बाबतीत मात्र कंपनी कडक होती. नाव घातलेला कुकर परत घ्यायचा नाही. आपल्याकडे लग्नात भांडं द्यायचं म्हणजे त्याच्यावर नाव हवंच – कोणाला दिलं, कोणी दिलं. भांड्यांच्या दुकानात नाव घालणारा माणूस बसलेलाच असतो, आपण पैसे देऊन होईपर्यंत त्याचं मशीन चालू झालेलं असतं. एकदा नाव पडलं की ते भांडं दुसऱ्या कोणाच्या कामाचं नाही. म्हणून कुकर बघून घ्या, वाजवून घ्या आणि मगच नाव घाला, असं आम्ही डीलरना सारखं सांगायचो. ऐकतंय कोण.

त्या वर्षी दिवाळी उरकल्यावर कल्याणच्या एका डीलरचा परतीचा माल टेंपोतून आला. थोड्या वेळानं भोईर एक कुकर घेऊन केबिनच्या दाराशी उभा राहिला.

“मॅडम, ह्यो बगा. नाव घातलेला हाय. कोरा करकरीत, शेगडीवर चढलेला पन नाय. शिट्टी झ्याक वाजतंय. ह्याला कारन काय लिवू?”

कुकरात एक चिठ्ठी होती. तिच्यावर पेन्सिलीनं लिहिलेलं – ‘लग्न मोडले.’

मी कुकर हातात घेतला. अंगावर सुबक अक्षरात ‘सौ. ऋजुता मि. टिपणीस हिस आत्याकडून सप्रेम’. खाली एक फूल काढलेलं, आणि नाव घालणाऱ्याचा हात घसरून फुलाची एक पाकळी थेट हँडलच्या स्क्रूपर्यंत गेलेली. मला त्या मुलीचं वाईट वाटलं. लग्न व्हायच्या आधी नावामागे ‘सौ.’ लावून मोकळे, आणि आता हे. भोईर म्हणाला, “त्या आत्याला येवडी घाई कशाला व्हती?”

मी डीलरला फोन लावला. तो उखडलाच. “मॅडम, आपल्याकडून नाही आला. नाव घातलेलं मी माझ्या बापाकडून पण परत नाही घेत. तुमच्याकडे कुठे मिक्स झाला असेल.” पण नंबर तर त्यालाच विकलेला होता, पॅकेज स्पष्ट सांगत होतं. मी साहेबांकडे गेले. साहेब बिलांवर सह्या करत होते, मान वर न करता म्हणाले, “देऊन टाका क्रेडिट. सीझनमध्ये किती माल उचललाय त्यानं. एका कुकरासाठी त्याला दुखवायचं का?”

म्हणजे डीलर म्हणतोय मी पाठवलाच नाही, आणि आम्ही त्याला सांगतोय की घे बाबा पैसे. असं उलटं प्रकरण माझ्या हातून त्याआधी कधी गेलं नव्हतं. मी ‘इतर’मध्ये ‘लग्न मोडले’ टाइप केलं आणि क्रेडिट नोट छापली. असा निरुपयोगी माल परत बाजारात जाऊ नये म्हणून प्रेसखाली चपटा करायची पद्धत होती, आणि तेव्हा ऑफिसातल्या कोणीतरी समोर उभं राहायचं. मी उभी राहिले. भोईरनं तो कुकर माझ्यासमोर प्रेसखाली घातला आणि पार पापड करून टाकला. हे मी डोळ्यांनी बघितलंय, चष्मा घालून.

त्या वेळी नीलूसाठी कोणी स्थळही बघायला लागलं नव्हतं, हे इथे लक्षात ठेवा.

हिवाळा सरता सरता मिलिंदचं स्थळ आलं. मुलगा केमिस्ट, शहाडला कारखान्यात नोकरी, तिथेच कंपनीचं क्वार्टर. दिसायला बरा, बोलायला कमी. आडनाव टिपणीस. आता ठाणे-कल्याणात टिपणीस काय थोडे आहेत? माझ्या मनात काहीही आलं नाही. नीलू डोंबिवलीत एका डॉक्टरांच्या दवाखान्यात फोन घ्यायला आणि नंबर लावायला बसायची. बघण्याचा कार्यक्रम झाला, दोघं दोनदा बाहेर भेटले, आणि नीलू ‘हो’ म्हणाली. मे महिन्यातला मुहूर्त निघाला. बाबा इतके खूश, की दूधवाल्यालाही मुलाचं क्वालिफिकेशन सांगायचे.

मार्चअखेरीला मी रविवारी माहेरी गेलेले. गच्चीवर मी आणि नीलू साबुदाण्याच्या पापड्या घालत होतो. भर ऊन, खाली मुलांचं क्रिकेट, आई जिन्यातून ओरडतेय की पातळ घालू नका. नीलू माझ्या जवळ सरकली आणि हळूच म्हणाली, “ताई, तांदळात लिहायचं नाव ठरलं. मिलिंदनं काढलंय. आत्यानं हट्ट धरला म्हणून तिला सांगितलं, बाकी कोणालाच माहीत नाही. आईला बोलू नकोस हं.”

“काय काढलंय?”

“ऋजुता.”

मी पळी तशीच धरून बसले. पीठ प्लॅस्टिकवर ओघळलं. ऋजुता मिलिंद टिपणीस. सौ. ऋजुता मि. टिपणीस हिस आत्याकडून सप्रेम. मला अक्षरसुद्धा दिसायला लागलं डोळ्यापुढे.

“आवडलं नाही का?” नीलूनं विचारलं.

“छान आहे,” मी म्हटलं. दुसरं काय म्हणणार? तुझ्या लग्नाचा कुकर लग्न मोडलं म्हणून आमच्याकडे परत येऊन गेला, दिवाळीनंतरच, आणि मी तो समोर उभं राहून चपटा करून घेतला?

सोमवारी ऑफिसात गेल्या गेल्या मी पॅकेज उघडून ती नोंद काढली. कल्याणचा डीलर, कुकरचा नंबर, आणि पुढे माझ्याच हातचे ‘इतर’मधले दोन शब्द. मग भोईरला बोलावलं आणि विचारलं, तो नाव घातलेला कुकर आठवतो का? “आठवतंय ना,” तो म्हणाला, “ती घाईची आत्या.” नावही त्यानं बरोबर सांगितलं. म्हणजे मला भास झाला नव्हता. मी नंबर एका कागदावर उतरवून घेतला, अर्ध्या दिवसाची रजा टाकली आणि कल्याण गाठलं.

आमची आत्या पारनाक्याजवळ राहायची. एकटी, तोंडानं फटकळ, भाच्यांवर जीव. मी ठरवून गेले होते – तिला कुकर घेऊच द्यायचा नाही. कुकरच नसला तर परत कुठून येणार, इतकं साधं गणित मी केलं होतं. चहा व्हायच्या आत मी म्हटलं, “आत्या, नीलूला तू कुकर देऊ नकोस हं. मी कंपनीतून आणते, मला सवलतीत मिळतो.”

“अगं, घेतला पण मी,” आत्या म्हणाली. “परवाच. नावही घालून झालं. थांब, दाखवते.”

तिनं कपाटातून खोका काढला. मी कुकर बाहेर घेतला. तेच नाव, तीच सुबक अक्षरं, तेच फूल, आणि तीच पाकळी घसरून हँडलच्या स्क्रूपर्यंत गेलेली. मी तो उपडा केला आणि बुडाचा नंबर कागदाशी ताडून बघितला. एकेक आकडा तोच होता.

“काय झालं?” आत्या घाबरली. “सेकंडचा माल दिला का मेल्यानं?”

“नाही, माल चांगला आहे.”

“मग तोंड का असं केलंयस?”

मी तिला पुन्हा म्हटलं, हा राहू दे, दुसरा देऊ. आत्या खवळली. भावाच्या मुलीला आत्यानं द्यायची वस्तू आत्याच्या हातचीच असते, तुझी कंपनी तुझ्यापाशी ठेव, म्हणाली. मला कारण सांगता येईना. ती रुसली ती रुसलीच. स्टेशनपर्यंत सोडायला आली, पण चार पावलं पुढेच चालत होती.

शहाण्या माणसानं करावं ते सगळं मी केलं. भोईरला विचारलं, एकच नंबर दोन कुकरांवर पडू शकतो का? तो म्हणाला, नंबर ठोकायचा पंच अडकला तर पडतो, एक-दोनदा झालंय तसं. मला केवढं हायसं वाटलं. मग विचारलं, “आणि नाव? आणि ती पाकळी?”

भोईरनं हातातलं झाकण खाली ठेवलं. “मॅडम, त्यो मी सवता प्रेसखाली घातला. तुमी समोर व्हत्या ना?”

“होते.”

“मंग झाला तर,” तो म्हणाला आणि चहा प्यायला निघून गेला. त्यानंतर नाव घातलेला कुकर आला की तो दुसऱ्या कोणाला तरी उचलायला लावायचा.

मी पॅकेजमध्ये मुद्दाम तोच नंबर पुन्हा टाकून बघितला. या नंबरावर क्रेडिट नोट झालेली आहे, असं सांगून पॅकेजनं मला बाहेर काढलं. मग वाटलं, असेल दुसरी एखादी ऋजुता टिपणीस, तिलाही कुकर देणारी आत्या असेल, लग्न मोडलं असेल बिचारीचं. ओळखीतल्या प्रत्येक टिपणिसाकडे मी आडून आडून चौकशी केली. अशी कोणी सापडली नाही. आणि दिवाळी उरकल्या उरकल्या कोणाचं लग्न मोडायला ते ठरलेलं तरी असायला हवं ना, तुळशीचं लग्न व्हायच्या आधी कुकरावर नाव घालून बसणारी आत्या कोण?

नवऱ्याला काही बोलले नाही. आईला तर नाहीच. पण माझं सगळं लक्ष मिलिंदवर लागलं. तो ठरलेल्या वेळेला आला नाही की मी गॅलरीत येरझाऱ्या घालायचे. त्याच्या आईनं हॉलबद्दल काही विचारलं की मी त्यात खोट शोधायचे. पत्रिका छापून आल्या तेव्हा सगळे नावं नीट आहेत का बघत होते, आणि मी मनात म्हणत होते, या तशाच पडून राहणार. नीलू मात्र खरेदीत रमलेली. निदान मला तसं वाटत होतं.

लग्नाच्या आधीच्या आठवड्यात कल्याणच्या त्या डीलरचा परतीचा माल पुन्हा आला. गेटवर टेंपो बघितला आणि हातातलं काम तसंच टाकलं. मी स्वतः खाली गेले, एक एक कुकर उचलून बघितला. नाव घातलेला एकही नव्हता. पण मला धीर धरवेना. ऑफिस सुटल्यावर नौपाड्याला न जाता मी थेट डोंबिवलीला गेले. आई-बाबा कोणाला तरी आमंत्रण द्यायला गेलेले. नीलू एकटीच कॉटवर बसली होती, पुढ्यात साड्या, घडी घालतेय की उलगडतेय ते कळत नव्हतं. काय बोलायचं ते ठरवलं नव्हतं, तोंडातून आपोआप निघालं – “नीलू, काहीही होऊ दे. मी हे लग्न मोडू देणार नाही.”

ती माझ्याकडे बघत राहिली. मला वाटलं, मी उगाच घाबरवलं पोरीला. मग ती एवढंच म्हणाली, “बरं.” आणि उठून चहा टाकला.

लग्न झालं. वेळेवर, व्यवस्थित. अक्षता पडेपर्यंत मी श्वास रोखून उभी होते, फोटोत माझा चेहरा दाढ दुखत असल्यासारखा आलाय. एक गोष्ट मात्र वेगळी घडली. तांदळाचं ताट पुढे आलं, मिलिंदनं अंगठी घेतली आणि तांदळात लिहिलं – ‘नीलिमा’. त्याच्या आईचा चेहरा बघण्यासारखा झाला. आत्या तर तिथेच म्हणाली, “मग मी कुकरावर नाव कोणाचं घातलं?” सगळे हसले. मिलिंद मान खाली घालून म्हणाला, आहे तेच नाव चांगलं आहे.

त्या दिवशी घरी परतताना मी नवऱ्याला सगळं सांगितलं. त्यानं नीट ऐकून घेतलं आणि म्हणाला, “म्हणजे ऋजुताचं लग्न मोडलंच की. तुझा कुकर खोटं बोलला नाही.” त्याला वाटलं मी हसेन. मला हसू आलं नाही. अशानं काय समजतं? तो कुकर आमच्या टेंपोत चढवला कोणी, हे तर कोणीच सांगत नव्हतं.

आणि भीती गेली नाही. आज ना उद्या मोडेल, मी म्हणायचे, शेरा पडलाय. नीलू शहाडला नांदत होती, तो कुकर तिच्या ओट्यावर होता, तिला मुलगी झाली. तरी मी मिलिंदशी कधी सरळ बोलले नाही. कुठे गेला होतास, कोणाबरोबर, पगार वेळेवर होतो ना, असं चाललेलं असायचं माझं. तो शांतपणे उत्तरं द्यायचा.

९८ साली त्यांनी घोडबंदर रोडला फ्लॅट घेतला. तेव्हा तिकडे नुसते खणलेले डोंगर आणि अर्ध्या बांधलेल्या इमारती. मी सकाळपासून सामान लावायला गेलेले. मिलिंद इलेक्ट्रिशियनला शोधायला खाली गेला होता, आम्ही दोघी स्वयंपाकघरात फडताळात कागद घालत होतो. नीलू एकदम म्हणाली, “ताई, एक विचारू? मिलिंदनं तुझं काय घोडं मारलंय? इतक्या वर्षांत तू त्याच्याशी एकदा तरी चौकशी केल्याशिवाय बोलली आहेस का?”

तिचा आवाज दुखावलेला होता. मग मी सांगून टाकलं. दिवाळीनंतरचा टेंपो, चिठ्ठी, प्रेस, आत्याच्या घरचा नंबर, सगळं. आधी ती हसत होती. “म्हणजे एवढी वर्षं तू माझं लग्न मोडायची वाट बघत होतीस?” म्हणाली. मी चिठ्ठीवर काय लिहिलं होतं ते परत सांगितलं, तेव्हा तिचं हसू थांबलं. ती हातातला कागद घेऊन जमिनीवरच बसली.

“मोडलं होतं, ताई,” ती म्हणाली.

मला वाटलं, मी नीट ऐकलं नाही.

“लग्नाच्या आधीच्या आठवड्यात. मी मोडलं होतं. दवाखान्यात मिलिंदचा फोन आला. म्हणाला, ऋजुता आहे का? गंमत करत होता बिचारा. आणि मी म्हटलं, राँग नंबर. ठेवला फोन. मग लक्षात आलं की मलाच हाक मारली होती. मला रडूच फुटलं. म्हटलं, ही कोण बाई आहे जिच्याशी हा लग्न करतोय? मी तशीच उठून कल्याणला आत्याकडे गेले. तिला सांगितलं, मला हे लग्न करायचं नाही, तूच घरी सांग.”

“आणि आत्या?”

“ओरडली नाही. उलट म्हणाली, नको तर नको. पण तू आत्याला ओळखतेस. मला चहा दिला आणि स्वतः तो कुकर घेऊन दुकानात गेली, परत द्यायला. तो घेईना, नाव घातलेला म्हणून. तिनं एवढा आरडाओरडा केला की शेवटी तो म्हणाला, ठेवून जा, कंपनीला पाठवून बघतो. कारण काय लिहू, विचारलं त्यानं. आत्यानंच चिठ्ठी लिहून आत टाकली.”

आत्या त्याच्या आदल्या वर्षी गेली होती, म्हणूनच नीलू हे मला सांगत होती. कोणाला बोलायचं नाही, अशी आत्यानं तिला शपथ घातली होती.

“मग?” मी विचारलं.

“मग काय? मी घरी आले. आई-बाबा नव्हते. दुसऱ्या दिवशी आत्या येऊन सांगणार होती. मी साड्या घेऊन बसले होते, परत करायच्या कुठल्या ते बघत. आणि तू आलीस. चपलाही काढल्या नव्हत्यास. आल्या आल्या म्हणालीस, काहीही होऊ दे, मी हे लग्न मोडू देणार नाही. मी कोणाला सांगितलं नव्हतं, ताई. मला वाटलं, तुला कळलंय. म्हटलं, हिला एवढं कळतंय आणि तरी ही असं म्हणतेय, म्हणजे माझंच काहीतरी चुकत असेल. सकाळी मी मिलिंदला फोन करून सांगितलं, नाव बदलणार नाही, बाकी तयार आहे. तो हो म्हणाला. आत्याला कळवलं, तशी ती दुकान उघडायच्या आधीच दाराशी जाऊन उभी राहिली आणि कुकर परत घेऊन आली.” मग तिनं मला विचारलं, “तुला सांगितलं होतं तरी कोणी?”

कोणी नाही. त्या कुकरानं. जो दुकानातून कंपनीकडे निघालाच नाही, तो कुकर.

मी खूप विचार केलाय यावर. मी तसं बोलले नसते तर नीलू फिरली नसती. ती फिरली नसती तर दुकानदारानं कुकर कंपनीला पाठवला असता, तो भोईरच्या टेबलावर आला असता, आणि मी ‘इतर’मध्ये तेच दोन शब्द टाइप केले असते. म्हणजे मी जे होऊ दिलं नाही, त्याचं सगळं काम मी आधीच करून बसले होते. इथपर्यंत आलं की माझं डोकं चालत नाही. लोकांनी मला पंच अडकल्याचं सांगितलं, योगायोग सांगितला, तुझीच आठवण मागेपुढे झाली असेल असंही सांगितलं. सगळ्यांचं ऐकून घेतलं. भोईर भेटला असता तर त्याला धरून विचारलं असतं, पण कंपनी बंद झाल्यावर तो कुठे गेला ते माहीत नाही. तुमच्यापैकी कोणाला काही सुचलं तर जरूर लिहा, मात्र मला पटेल असं वाटत नाही.

तरी यातलं मला छळणारं वेगळंच आहे, आणि ते मी त्याच दिवशी नीलूला विचारलं. आम्ही दोघी रिकाम्या फडताळासमोर बसलो होतो, खाली लिफ्टवाल्यांचं ठोकणं चालू होतं.

“नीलू, माझ्या त्या एका वाक्यानं तू फिरलीस. मग ते बरं झालं की वाईट?”

तिनं कागदाची घडी घातली, परत उलगडली.

“ते मला विचारू नकोस, ताई. रोज वेगळं उत्तर येतं.” मग माझ्याकडे बघून म्हणाली, “आजचं सांगू?”

मी नको म्हटलं.